मदत हवी आहे: संरक्षित मंदिराजवळील घराच्या दुरुस्तीची परवानगी कोणाकडून घ्यावी?

जांभा_चिरा
नमस्कार. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आमचे आजोबांच्या वेळचे चिऱ्याचे कौलारू घर आहे. गेल्या पावसाळ्यात मागच्या बाजूचे वासे खचले, आढे मधोमध इतके वाकले आहे की अंगणातून पाहिले तरी ते दिसते, आणि पाऊस लागला की माजघरात तीन ठिकाणी पातेली मांडावी लागतात. या महिन्यात काम सुरू केले, तर चौथ्या दिवशी पंचायतीने ते थांबवले. जवळच जुने देऊळ आहे, म्हणून 'पुरातत्त्वची परवानगी आणा' एवढेच सांगण्यात आले. ती कोठून आणायची, हे मात्र कोणीही सांगत नाही. गवंडी बसून आहे, वाळू, खडी व सळया दारात येऊन पडल्या आहेत आणि मिरगाला तीन आठवडे उरले आहेत. आपल्याच घराची दुरुस्ती करण्यासाठी कोणाकोणाला विचारायचे? नक्की माहिती असणाऱ्यांनी कृपया लगेच कळवावे. 'वकील गाठा' हे उत्तर नको.

मोजपट्टी
देऊळ केंद्राच्या संरक्षणाखाली आहे की राज्याच्या? घर त्यापासून किती अंतरावर आहे आणि ते अंतर आपण कोठून मोजले? घर १९९२ च्या आधीचे असल्याचा कागद आहे का? शिवाय कौले उतरवून वासे बदलायचे असतील, तर सळया कशासाठी आणल्या आहेत, हेही लिहावे.

दादरकर
अशा प्रकरणात प्रथम इमारतीची श्रेणी पाहावी लागते. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, तिच्यात इमारतींच्या तीन श्रेणी आहेत आणि बदलांचे प्रस्ताव वारसा संवर्धन समितीपुढे जातात. आमची चाळ तिसऱ्या श्रेणीत असल्यामुळे आतील बदलांना फारशी अडचण आली नाही. आपणही अशाच समितीकडे अर्ज करावा.

शहापूरकर
दादरकर, हे घर खानापुरात आहे. तुमची मुंबईची नियमावली इथे लागू झाली असती, तर सीमाभागातल्या आम्हा लोकांचे निम्मे प्रश्न कधीच सुटले असते. जांभा_चिरा, पंचायतीने दिलेला कागद कन्नडमध्ये असेल, तर तो मराठीत मागून घ्या. जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तेथे त्यांच्या भाषेत सूचना मिळाव्यात, अशी तरतूद आहे. कागद मराठीत मिळेपर्यंत उत्तरच देऊ नका.

जांभा_चिरा
शहापूरकर, आपले म्हणणे तत्त्वतः मान्य आहे, पण तेवढ्यासाठी थांबलो तर घर माझ्या अंगावर येईल.

मोजपट्टी, देवळापुढे पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे आणि त्यावर 'भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण' असे लिहिलेले आहे. अंतराविषयी शंकेला जागाच नाही. पुतण्याला टेपचे दुसरे टोक धरायला लावून मी स्वतः मोजले. देवळाच्या पायरीपासून आमच्या ओसरीपर्यंत १२८ मीटर भरतात. १०० मीटरचा नियम आहे असे ऐकले आहे, म्हणजे आम्ही त्याच्या बाहेर आहोत आणि पंचायतीने काम विनाकारण अडवले आहे. कौले काढून स्लॅब घालायचा आहे आणि वर दोन खोल्या घ्यायच्या आहेत. एवढी माणसे आहेत म्हटल्यावर ते ओघाने आलेच, म्हणून वेगळे लिहिले नव्हते.

मोजपट्टी
जे ओघाने आले असे आपण म्हणता, तेच खरे प्रकरण आहे. दुरुस्ती आणि बांधकाम या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत.

१९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र असते आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. हद्द म्हणजे देवळाची पायरी नव्हे. खात्याने जेवढी जागा संरक्षित म्हणून अधिसूचित केली असेल, तिची कड म्हणजे हद्द, आणि आवारातील पडकी ओवरी किंवा मोकळी जागाही त्यात आलेली असू शकते. तेव्हा पायरीपासून धरलेले आपले १२८ मीटर येथे उपयोगाचे नाहीत.

प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही आणि मजलाही चढवता येत नाही. मात्र १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराच्या मालकाला दुरुस्ती व नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. नियंत्रित क्षेत्रात बांधकामही परवानगीने होऊ शकते, पण परवानगी तेथेही लागतेच. म्हणजे १२८ मीटर खरे धरले तरी पंचायतीने काम थांबवले, यात तिची चूक नाही. परवानगीवाचून काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

अर्ज पंचायतीकडे नव्हे, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा असतो. कर्नाटकासाठी ते राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे मैसूर येथील आयुक्त आहेत. त्यांनी पंधरा दिवसांत अर्ज दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत मत कळवायचे आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय आपल्या हाती यायचा, असा कायद्यातील क्रम आहे. अर्ज ऑनलाइन भरता येतो. मंदिराची देखभाल सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाकडे आहे, तेव्हा हद्दीचा नकाशा तेथे मागावा.

कॅम्पवाला
आमचा बंगला बेळगाव कॅम्पात आहे. तेथे २००६ चा छावणी कायदा लागतो आणि साधी पडवी झाकायची म्हटली तरी मंडळाची मंजुरी घ्यावी लागते. नकाशावर खिडकी चुकीच्या भिंतीत दाखवली, एवढ्यावरून आमचा अर्ज परत आला होता. नकाशा जाणत्या माणसाकडूनच काढून घ्यावा.

मोजपट्टी
कॅम्पचा कायदा येथे लागू नाही, परंतु नकाशाबद्दलचा सल्ला उपयोगाचा आहे.

नवा_स्लॅब
एवढी भीती कशाला घालता? १०० मीटरची अट २०१८ मध्येच शिथिल झाली. मी बातमी वाचली होती.

मोजपट्टी
आपण वाचलेले विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, परंतु राज्यसभेतून ते पार पडले नाही. शिवाय ते केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांपुरतेच होते, त्यामुळे कोणाच्या माजघरावर स्लॅब पडण्याशी त्याचा संबंध नव्हता.

गवंडीकाका
तीस वर्षे खानापूर भागात कामे केली, म्हणून कायद्याचे सोडून भिंतींचे सांगतो. जुने घर बहुधा मातीत बांधलेले असते. चिरा चांगला असला तरी सांध्यातली माती ओलीने सुटते आणि असल्या भिंतीवर स्लॅबचे वजन टाकले की कोपऱ्यांपासून तडे जातात. आपले आढे वाकले आहे, भिंत नव्हे, हे नशीब समजा. आढे व कुजलेले वासे तेवढे बदलावेत, रीपा नव्या माराव्यात आणि जुन्या कौलांतील चांगली निवडून पुन्हा चढवावीत. कौल टिचकी मारून पाहावे. खणखणीत वाजले तर ठेवावे, बद्द वाजले तर टाकावे.

नवा_स्लॅब
काका, कौलांवर माकडे नाचतात आणि दरवर्षी शेकारणीला माणूस मिळत नाही. स्लॅब नको असेल तर पत्रे घाला, आठवड्यात काम संपते.

गवंडीकाका
आमच्याकडच्या पावसात पत्र्याखाली एक रात्र झोपून पाहा, मग बोलू. शिवाय देवळाशेजारच्या कौलारू घरावर निळा पत्रा आला, तर परवानगी देणारा साहेब सर्वांत आधी त्यालाच हरकत घेईल.

दादरकर
श्रेणीचा मुद्दा मी मागे घेतो. तरीही अर्जासोबत चारही बाजूंची छायाचित्रे जोडावीत, एवढे सुचवतो. सध्याची स्थिती आणि प्रस्तावित बदल शेजारी शेजारी दाखवले की तपासणाऱ्याचे काम सोपे होते. मुंबईतही हाच अनुभव आहे.

जांभा_चिरा
काल पुन्हा मोजले. खात्याने घातलेले लोखंडी कुंपण देवळापासून बरेच अलीकडे आहे आणि त्या कुंपणापासून आमच्या ओसरीपर्यंत ८६ मीटर भरले. अधिकृत नकाशात हद्द त्याहूनही अलीकडे असू शकेल, म्हणून धारवाडला पत्र टाकले आहे. घर सगळे १०० मीटरच्या आत सापडते, तेव्हा वरच्या खोल्यांचा विषय घरात संपवावा लागला. भाऊ दोन दिवस बोलत नव्हता.

आजोबांच्या नावाची १९८७ ची घरपट्टीची पावती आणि केईबीच्या (कर्नाटक वीज मंडळाच्या) काळातील विजेचे जुने बिल सापडले आहे. दोन्ही कन्नडमध्ये आहेत. ती चालतील का?

मोजपट्टी
दोन्ही जोडावीत, आणि पंचायतीचा ई-स्वत्तूचा (मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचा) उतारा आजोबांच्या नावावरून आपल्या नावावर कसा आला, तो दुवाही कागदोपत्री दाखवावा, कारण पावती एकाच्या नावाची आणि अर्ज दुसऱ्याचा असला की प्रश्न येणारच. अर्जात 'नूतनीकरण' असा मोघम शब्द घालून थांबू नये. किती वासे, कोणते लाकूड, कौले कोणती आणि घराची उंची आहे तेवढीच राहणार, हे स्पष्ट लिहावे.

शहापूरकर
सोबत मराठीतही एक प्रत द्या. अर्ज कन्नडमध्ये भरायचा असेल, तर माझा भाचा भरून देईल.

जांभा_चिरा
आभारी आहे. तीन-साडेतीन महिने धरले तर हा पावसाळा ताडपत्रीखालीच काढावा लागणार. गवंडीकाका, आढ्याला आतून तात्पुरता टेकू कोठे द्यावा, ते कृपया सांगावे. माजघराची जमीन शेणाने सारवलेली आहे. सळया परत घ्यायला दुकानदार तयार झाला आहे, पण टेम्पोचे भाडे आमच्याच माथी.

गवंडीकाका
वाकलेल्या जागेच्या दोन्ही अंगांना एकेक टेकू द्या, बरोबर मधोमध देऊ नका. जमीन मातीची आहे, तेव्हा टेकूखाली रुंद फळी घाला, नाहीतर पहिल्याच सरीत तो रुतेल. चढवण्याआधी मला फोटो टाका.