मदत हवी आहे: ‘अनवाणी’त ‘वहाण’ आहे, मग ‘ह’ कुठे गेला?

नमस्कार मंडळी,

काल लेकीला भरतभेटीची गोष्ट सांगत होतो. ‘अनवाणी’ शब्द आला आणि तिनं अडवलं, “यातली वाणी म्हणजे बोलणं का?” म्हटलं, नाही गं, वहाण म्हणजे चप्पल, पायात वहाण नाही तो अनवाणी. लगेच पुढचा प्रश्न, “मग अनवहाणी का नाही?” गोष्ट तिथेच थांबली.

मला ठाऊक आहे ते आधी मांडतो. वहाण आली संस्कृत ‘उपानह्’वरून. त्यात ‘नह्’ म्हणजे बांधणे, म्हणजे पायाला बांधायची ती. शब्द फार जुना. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात, राजसूय यज्ञात राजा डुकराच्या कातड्याच्या उपानहा घालतो. पालीत ‘उपाहना’ आहे, म्हणजे ‘न’ आणि ‘ह’ची अदलाबदल तेव्हाच झालेली. पुढे सुरुवातीचा ‘उ’ गळला, ‘प’चा ‘व’ झाला. हिंदीत मात्र ‘प’ टिकला आणि ‘पनही’ झाली. उपानह् स्त्रीलिंगी, आपली वहाणही ‘ती’च. एवढ्या उलथापालथीत लिंग तेवढं शाबूत राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पादत्राण नपुंसकलिंगी, तसं पायताणही ‘ते’च. (पायपोस आणि पैजार फारसीतले, त्यांचा इथे संबंध नाही.)

पायांना वाहून नेते म्हणून वहाण, ‘वाहन’चंच रूप, असंही पुष्कळदा ऐकतो. मला ते पटत नाही. पाली आणि हिंदीतले शब्द समोर ठेवले की ती व्युत्पत्ती टिकत नाही.

आता अडचण. संस्कृतात ‘अनुपानत्क’, म्हणजे पायात काही न घातलेला, असा शब्द आहेच. मग अनवाणी थेट त्या जुन्या घराण्यातून घडत आला, की मराठीत वहाण रूढ झाल्यावर तिला ‘अन’ लावून केला? दुसरं खरं असेल तर ‘ह’ बोलता बोलता गळला असणार, जसा पाहुण्याचा पावणा होतो. मला हेच जास्त संभवनीय वाटतं, पण नुसत्या वाटण्यावर लेकीला उत्तर द्यायचं नाहीये.

प्राकृत किंवा जुन्या मराठीचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सांगावं. जुन्या ग्रंथात ‘ह’ असलेलं रूप, अनवाहाणी किंवा तसलं काही, कुणाच्या वाचनात आलं आहे का? ओळ आठवत असेल तर तीही द्या.

आणि तुमच्या घरची वडीलधारी माणसं वहाण आणि पायताण एकाच वस्तूला म्हणतात की वेगवेगळ्या?