लिव्हरपूलचा उन्नत रेल्वेमार्ग 1956 मध्ये बंद का पडला?

रूळवेडा:
लिव्हरपूलच्या गोद्यांच्या कडेने जाणारा हा मार्ग 1893 मध्ये सुरू झाला. विजेवर चालणारा जगातला पहिला उन्नत रेल्वेमार्ग तो हाच. 30 डिसेंबर 1956 ला मात्र तो कायमचा बंद झाला. आपल्याकडे मुंबईत सँडहर्स्ट रोडच्या वरच्या फलाटावरून हार्बर मार्गाच्या गाड्या 1925 पासून आजही धावतात. मग तिथलं लोखंड साठ-पासष्ट वर्षांतच कसं संपलं? गाड्या विजेच्या, म्हणजे धूर नाही. खारा वारा म्हणावा, तर तो मुंबईतही आहेच.

पूलबांधणी:
धूर होता, पण तो खालून येत होता. पुलाखालून गोदीची मालगाडीची लाइन जायची आणि तिच्यावर वाफेची इंजिनं. पूल रस्त्यापासून साधारण 16 फूट उंच, त्यामुळे धुराड्यातली वाफ आणि काजळी थेट पुलाच्या पोटावर आदळायची. कोळशाच्या धुरातला गंधक ओलाव्यात मिसळला की आम्ल तयार होतं. खाऱ्या हवेपेक्षा हे कितीतरी वाईट.

त्यात पुलाची जमीन बंदिस्त. रस्त्यावर पाणी-तेल गळू नये म्हणून हॉब्सन पेटंटचे कमानदार लोखंडी पत्रे रिव्हेट करून बसवले होते. त्यावर खडी नाही, थेट लांब लाकडी तुळया आणि तुळयांवर रूळ. दोन पत्र्यांच्या सांध्यात ओल शिरली की तिथे गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो पत्रे फाकवतो आणि रिव्हेट ताणतो. मग आणखी पाणी आत. वरून रंग कितीही लावा, सांध्याच्या आत ब्रश पोचत नाही.

गोदीकाठ:
शिकागोच्या उन्नत मार्गाशी तुलना करून बघा. तिथे गर्डरवर (पुलाच्या पोलादी तुळयांवर) सुटे स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके आहेत, मधल्या फटींतून पाणी खाली जातं आणि एकेक स्लीपर बदलता येतो. खालच्या रस्त्यावर थेंब पडतात, आवाजही जास्त, पण पोलाद सुकतं. लिव्हरपूलला पत्रा बदलायचा तर आधी वरचे रूळ आणि तुळया काढायच्या, म्हणजे त्या टप्प्यात गाड्या बंद.

गोदी कामगार पावसात याच पुलाखाली उभे राहायचे, म्हणून त्याला ‘डॉकर्स अंब्रेला’ म्हणत. जो बंदिस्तपणा त्यांना कोरडं ठेवत होता, तोच धूर अडवून धरत होता.

रूळवेडा:
धन्यवाद, आता उलगडा झाला. पण पत्रे बदलून मार्ग वाचवता आला नसता का?

पूलबांधणी:
तांत्रिकदृष्ट्या नक्कीच आला असता. 1950 च्या दशकातल्या पाहणीत दुरुस्तीचा अंदाज सुमारे 20 लाख पौंड निघाला. 1948 मध्ये ब्रिटनच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यातून हा मार्ग वगळला गेला होता. छोटी खाजगी कंपनी एवढा पैसा कुठून उभा करणार? हार्बरच्या पुलामागे आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) आणि मग मध्य रेल्वे होती. माझ्या मते खरा फरक इथेच आहे. गंज दोन्हीकडे लागतो, डागडुजीला पैसा एकीकडेच होता.

1957 मध्ये पाडकाम सुरू झालं. एक डबा लिव्हरपूलच्या संग्रहालयात मूळ उंचीवर ठेवला आहे, आणि मार्गाच्या दक्षिण टोकाचा डिंगलचा बोगदा अजून शाबूत आहे. 2012 मध्ये त्याच्या छताचा एक भाग मात्र कोसळला.