एडिट बनवणारी पोरं रिकामटेकडी?

तांबडा_पांढरा: नाना, काल तुम्ही लिहिलंत, "दुसऱ्याचे व्हिडिओ कापून फॅनपेज चालवणारी पोरं म्हणजे रिकामटेकडी." डोकंच फिरलं. माझी बहीण बारावीला, बीटीएस या कोरियन बँडची फॅन, त्यांच्या भाषेत 'आर्मी'. १५ सेकंदांच्या एडिटसाठी, म्हणजे गाण्यावर क्लिपा जुळवलेल्या व्हिडिओसाठी, रात्री दोनपर्यंत जागते, ठेका पडतो त्याच फ्रेमला कट बसला पाहिजे म्हणून तीच क्लिप चाळीसदा मागेपुढे करते. का? तर इचलकरंजीत तिच्या वर्गात ते ऐकणारं कुणी नाही, आणि इकडे ऑनलाइन मणिपूरची पोरगी विचारते हा कट कसा बसवलास गं. पैसा एक मिळत नाही.

वाईकर_नाना: तेच तर! फुकट राबवून घेतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये ह्या बीटीएसच्या एका गाण्याला २४ तासांत १० कोटींवर व्ह्यूज, ते काय आपोआप पडले? पोरं ठरवून बसतात स्ट्रीमिंगला. आम्ही गणेश मंडळात राबायचो, ते काम होतं.

खवट_खोबरं: हो ना, वर्गणीला दारोदार तुम्ही आणि बॅनरवर फोटो नगरसेवकाचा 😂

बिनपगारी_अनुवादक: मला एवढंच सांगा, ही पोरं मराठीसाठी काय करतात? यूट्यूबवर पूर्वी प्रेक्षकांना सबटायटल देता यायची, मी एका चॅनेलला रात्र रात्र मराठी ओळी लिहून दिल्या, कुणी ढुंकून बघितलं नाही, आणि २०२० च्या सप्टेंबरात ती सोयच बंद.

तांबडा_पांढरा: बहीण करते की मराठीत! कोरियन सिरियलच्या क्लिपांना. अडतं एकाच शब्दावर, 'ओप्पा'. भावालाही तेच, बॉयफ्रेंडलाही तेच. 'दादा' लिहिलं की प्रेमाची वाट लागते.

खवट_खोबरं: 'अहो' लिहा.

तांबडा_पांढरा: मग लग्नच झालं ना!!

बिनपगारी_अनुवादक: 'ओप्पा'च ठेवायचं, तळटीप द्यायची. भाषांतर म्हणजे खेळ वाटला का?

तांबडा_पांढरा: पळत्या व्हिडिओत तळटीप कोण वाचणार? म्हणूनच तुमच्या ओळी पडून राहिल्या असतील.

बिनपगारी_अनुवादक: पर्सनल जायचं काम नाही. दोन क्लिपा केल्या की लगेच अक्कल शिकवायला येतात.

खवट_खोबरं: आमच्या मामेबहिणीनं मामेभावाशीच लग्न केलं, ती अजून चारचौघांत 'दादा' म्हणते. घ्या.

वाईकर_नाना: विषय काय, चाललंय काय. बरं, कष्ट असतात हे मान्य. माझ्या साठीचा व्हिडिओ भाच्यानं असाच जुळवला होता, आईचा फोटो बरोबर सनईवर आला आणि मला हुंदका आवरेना. त्याचे बारावीचे मार्क मात्र विचारू नका. आणि त्या ओप्पाला नुसतं 'ए' म्हणा, आमची ही लग्नाआधी मला तेच म्हणायची.