मिसूरीचा बंदूक कायदा : राज्याचे विधिमंडळ फेडरल कायदा अवैध ठरवू शकते का?

सेंटलुईकर : अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये ‘दुसरी घटनादुरुस्ती संरक्षण कायदा’ (दुसरी घटनादुरुस्ती म्हणजे शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी) संमत केला व गव्हर्नर माइक पार्सन यांनी जूनमध्ये त्यावर सही केली. बंदुकांची नोंदणी करणे, बंदूकमालकांचा माग ठेवणे अशा प्रकारच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तरतुदी या राज्यापुरत्या अवैध आहेत, असे त्यात म्हटले होते आणि त्या राबवणाऱ्या स्थानिक पोलीस खात्याला दर वेळी ५०,००० डॉलर दंड ठेवला होता. न्यायालयांनी हा कायदा मोडीत काढला. मात्र याच राज्यातील मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये गांजाला मोकळीक दिली आणि फेडरल बंदी असूनही दुकाने राजरोस चालू आहेत. एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असे का? जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

घटनाभ्यासक : फेडरल कायदा राबवण्याच्या कामी राज्याने हात आखडता घेणे वेगळे आणि तो कायदाच नव्हे असे जाहीर करणे वेगळे. पहिल्याची मुभा पक्की आहे. बंदूक खरेदी करणाऱ्याची पूर्वपीठिका तपासण्याचे काम केंद्राने स्थानिक शेरीफांच्या गळ्यात मारले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या ‘प्रिंट्झ’ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी घटनाबाह्य ठरवले. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये स्थलांतरितांच्या धरपकडीतील आपल्या पोलिसांचा सहभाग मर्यादित केला, तो याच आधारावर. गांजाच्या बाबतीत मतदारांनी राज्याची स्वतःची बंदी उठवली. फेडरल बंदी जागच्या जागी आहे आणि म्हणूनच अनेक मोठ्या बँका या धंद्याला अजूनही दारात उभे करत नाहीत.

मिसूरीने मात्र, आपले पोलीस मदत करणार नाहीत एवढ्यावर न थांबता, हे कायदे अवैध असल्यामुळे मदत नाही, असे लिहून ठेवले. आठव्या सर्किटच्या (मिसूरी ज्यात येते त्या विभागाच्या) फेडरल अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नेमके तिथेच बोट ठेवले : मदत काढून घेता येते, पण फेडरल कायदा अवैध ठरवून नव्हे. माझ्या मते, विधिमंडळाने भाषणातले वाक्य कायद्यात घातले आणि तेच त्याला नडले.

जुना वाचक : त्या दंडाचा जाच कागदापुरता नव्हता, हेही नोंदवावे. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या पुंगळ्या केंद्रीय यंत्रणेकडे जुळवणीसाठी पाठवल्या तर दंड बसेल का, हेच काही पोलीस खात्यांना ठरवता येईना. केंद्रीय अधिकारी म्हणून असे कायदे राबवलेल्या माणसाला जाणूनबुजून नोकरीवर ठेवणाऱ्या खात्यालाही तोच दंड होता.

वादाचे मूळ फार जुने आहे. दक्षिण कॅरोलिनाने नोव्हेंबर १८३२ मध्ये १८२८ आणि १८३२ चे आयात-जकातीचे कायदे आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवले. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी हा पवित्रा घटनेशी विसंगत असल्याचे जाहीर केले, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, बळाच्या वापराची परवानगी देणारा कायदा केला आणि सोबत जकातही टप्प्याटप्प्याने उतरवली. मग राज्याने आपला ठराव मागे घेतला. मात्र जाता जाता तो बळाचा कायदा तेवढा रद्दबातल ठरवला. पडले तरी नाक वर, दुसरे काय!

सेंटलुईकर : आभारी आहे. भारतात एखाद्या राज्याला निदान ‘आम्ही मदत करणार नाही’ एवढे तरी म्हणता येते का?

घटनाभ्यासक : फारसे नाही. समवर्ती सूचीतील (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा) विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर अनुच्छेद २५४ नुसार राष्ट्रपतींच्या संमतीवाचून तो टिकत नाही. केंद्राच्या कृषी कायद्यांविरुद्ध पंजाबने २०२० मध्ये विधेयके संमत केली आणि महाराष्ट्राने जुलै २०२१ मध्ये तीन विधेयके सभागृहात मांडली, ती याच चौकटीत. ‘प्रिंट्झ’सारखी पळवाट तर आपल्या घटनेत जवळपास बंदच आहे : संसदेच्या कायद्यांचे पालन होईल अशा रीतीने राज्याने कारभार करावा, असे अनुच्छेद २५६ सांगतो, त्यासाठी केंद्राला निर्देश देता येतात आणि ते न पाळल्यास अनुच्छेद ३६५ द्वारे राष्ट्रपती राजवटीचा रस्ता मोकळा होतो.