पहिल्या ट्रॅक डेला 'गाडी आहे तशी न्या' हा सल्ला देणं थांबवा

वळणवेडा:
कालची ती पोस्ट वाचून डोकं उठलंय म्हणून सविस्तर लिहितोय. तिथे म्हटलंय की पहिल्या ट्रॅक डेला (म्हणजे आपली गाडी रेसिंग ट्रॅकवर नेऊन चालवायचा दिवस) रोजची गाडी आहे तशी न्यायची, सर्व्हिसिंग वेळेवर झालेलं असलं की बास, बाकी सगळं सांगणारे लोक उगाच खर्चात पाडतात. आणि त्याखाली ढीगभर लोक "एकदम बरोबर" लिहून गेलेत. अर्धं बरोबर आहे, म्हणूनच ते जास्त धोकादायक आहे. सस्पेन्शन नको, एक्झॉस्ट नको, भारीतले टायर नको, सगळं मान्य. पण ब्रेक फ्लुइड, पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारा द्रव? अख्ख्या पोस्टमध्ये त्याचं नावसुद्धा नाही!

रस्त्यावर आपण एकदा ब्रेक दाबतो, मग बराच वेळ दाबत नाही, तेवढ्यात डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) गार होते. ट्रॅकवर तसं नसतं. १४०० किलोची गाडी १६० वरून ८० वर आणली की दहा लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा निघते, बहुतेक सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्येच जाते, हे फक्त एका ब्रेकिंगचं, आणि पुढचं वळण लगेच समोर असतं. ती उष्णता डिस्कमधून तिला घासणाऱ्या पॅडमध्ये, पॅडमधून तो दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनला आणि तिथून फ्लुइडला. नवं डॉट ४ (फ्लुइडचा एक दर्जा) किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते ओलावा ओढून घेतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, द्रव दाबला जात नाही पण बुडबुडा दाबला जातो, म्हणजे पेडल पार तळाला आणि गाडी तशीच पुढे. आणि सर्व्हिसिंग झालं म्हणजे फ्लुइड बदललं असं कुणी सांगितलं? पुष्कळदा नुसती डबीवरची पातळी बघतात आणि पुढे सरकतात.

माझ्या मावसभावाची गाडी अशीच, सगळे शिक्के वेळेवर. दुसऱ्या सेशनमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या दुसऱ्या पाळीत, सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय आत गेला तो गेलाच. समोर खडीचा पट्टा होता म्हणून निभावलं. भिंत असती तर?

जुना_पिस्टन:
ती पोस्ट माझीच आहे त्यामुळे उत्तर देतो. तुम्ही लोक आधी दहाला बारा गोष्टींची यादी देता, मग त्यावर अजून दहा लोक आपापली भर घालतात, आणि बिचारा नवा माणूस घाबरून येतच नाही. हे मी कित्येकदा बघितलंय. माझा भाचा अगदी साध्या हॅचबॅकमध्ये, कंपनीचे पॅड, कंपनीचं फ्लुइड, असा शिकला, आज भल्याभल्यांना मागे टाकतो. नवशिका मुळात इतका वेगात जातच नाही की फ्लुइड उकळेल! तीन-चार लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) जोरात, मग एक लॅप सावकाश, ब्रेकला हात न लावता, की झालं. तुमच्या मावसभावाला ही शिस्त कुणी शिकवली नव्हती, दोष तिथे आहे.

वळणवेडा:
"इतका वेगात जात नाही" हेच चूक आहे. नवशिका वळणात हळू असतो, सरळ पट्ट्यावर नाही, तिथे ॲक्सिलरेटर दाबायला काय अक्कल लागते. आणि ब्रेक तो लवकर दाबतो, घाबरून वळणात शिरेपर्यंत पाय ठेवून असतो, डिस्कला वारा लागायला वेळच मिळत नाही. शिवाय ती सावकाश, कूल डाऊन लॅप त्याला लक्षात कशी राहणार, पहिल्या दिवशी झेंडे बघू की आरसे बघू अशी अवस्था असते. शिस्तीवर भरवसा ठेवायचा आणि फ्लुइडवर नाही, हे काय तर्कट?

टॉर्कराणी:
दोघंही पॅडची जाडी विसरताय. फ्लुइड नवं आणि पॅड संपत आलेला असेल तर काय उपयोग, पातळ पॅड उष्णता अडवतच नाही, सरळ पिस्टनकडे पाठवतो. अर्ध्याहून कमी पॅड राहिला असेल तर बदलूनच या. आणि सेशन संपल्यावर पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) येऊन हँडब्रेक ओढणारे, त्यांना मी किती वेळा सांगायचं! तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून बसतो, पॅडचा थर एका जागी उमटतो, मग घरी जाताना ब्रेक दाबला की गाडी थरथरते आणि हे म्हणतात डिस्क वाकली. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावा, संपलं.

चाकांचे नट टॉर्क रेंचनं (किती जोर लावला ते मोजणारा पाना) आवळा, गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असतो, पान्ह्यावर उभं राहून नाही. पहिल्या सेशननंतर चाकं गार झाली की परत तपासा.

मोकळी_खिडकी:
मला कुणी हे सांगा की गाडीतलं सामान काढा हे इतकं अवघड का आहे? मी मार्शल म्हणून (ट्रॅकवर सुरक्षा बघायला) उभी राहिले आहे, लोकांच्या गाडीतून काय काय निघतं. पाण्याची बाटली, चार्जर, छत्री, मागच्या सीटखाली सरकलेली लहान मुलाची खेळणी. एकाच्या गाडीत बाटली जोरदार ब्रेकिंगला सीटखालून सरकत येऊन पेडलच्या मागे जाऊन बसली होती, बाहेर काढली तेव्हा तिच्यावर पेडलच्या रबराची नक्षी उमटलेली. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटसुद्धा काढा, त्याची क्लिप आहे असं सांगू नका. टो हुक (गाडी ओढायचा हुक) बसवून या, खडीत रुतलेली गाडी काढताना आम्ही तो डिकीत शोधत बसायचा का? याला एक पैसा लागत नाही आणि तरी निम्मे लोक करत नाहीत.

पाचवा_गिअर:
माझं वेगळंच मत आहे. ब्रेक वगैरे ठीक, पण पहिला खर्च चार-पॉइंट हार्नेसवर करा, म्हणजे दोन्ही खांदे आणि कंबर चार जागी बांधणाऱ्या पट्ट्यांवर. मी कंपनीच्या सीटवरच लावलाय, मागच्या सीटबेल्टच्या पॉइंटला बांधलाय. वळणात शरीर हलत नाही त्यामुळे हात स्टिअरिंगला लोंबकळत नाहीत, फरक जमीन-अस्मानाचा.

टॉर्कराणी:
कृपया तो आजच काढा. थट्टा करत नाहीये. चार-पॉइंटला मांड्यांमधून जाणारा पट्टा नसतो, त्यामुळे खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा ओढून पोटावर आणतात आणि धडकेत माणूस खालून घसरतो, सगळा भार पोटातल्या अवयवांवर. मागच्या सीटच्या पॉइंटला बांधलाय म्हणजे पट्टे खांद्यावरून तीव्र उतारानं खाली जाताहेत, म्हणजे धडकेत ते मणक्याला खाली दाबणार. आणि गाडी उलटली तर? छत खाली येतं, तीन-पॉइंटमध्ये, म्हणजे कंपनीच्या नेहमीच्या बेल्टमध्ये, धड बाजूला झुकू शकतं, तुम्ही मात्र खिळल्यासारखे ताठ.

पाचवा_गिअर:
रेसर लोक काय मूर्ख आहेत का मग? सगळ्या रेस गाड्यांत हार्नेस असतो. तुम्हाला गाडी कशी चालते हे कळायच्या आधीपासून मी गाडी चालवतोय, मला शिकवू नका.

टॉर्कराणी:
वय काढलंत म्हणून उत्तर देते. रेस गाडीत हार्नेससोबत रोल केज (छत चेपू न देणारा लोखंडी सांगाडा) असतो, अंगाला घट्ट धरणारी बकेट सीट असते, मांड्यांतला पट्टा असतो आणि मानेला हान्स (डोकं पुढे झटकू न देणारा आधार) असतो. फॉर्म्युला वनमध्ये हान्स २००३ पासून सक्तीचा आहे, कारण धड घट्ट बांधलं आणि डोकं मोकळं सोडलं की कवटीच्या तळाशी जीवघेणी दुखापत होते. तुम्ही त्यातली एकच वस्तू उचलून आणलीत. कंपनीचा बेल्ट, त्याचा प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा झटक्यात आवळणारा भाग) आणि एअरबॅग हे एकत्र काम करायला बनवलेले असतात, त्यातला एक काढला की बाकीच्यांचं गणित चुकतं. तीन-पॉइंट बेल्ट व्होल्वोच्या नील्स बोलिननं १९५९ मध्ये आणला आणि त्यानं किती जीव वाचवलेत, त्याला जुनाट समजू नका.

जुना_पिस्टन:
हार्नेसच्या बाबतीत ताईंचं शंभर टक्के बरोबर. माझ्या ओळखीतला एक जण कमरेचा पट्टा पोटावर सरकल्यामुळे आतड्याच्या ऑपरेशनला गेला, वेग फार नव्हता. हे मी सहसा सांगत नाही.

उघडा_रस्ता:
सगळेच चार-पॉइंट वाईट नसतात. काही असे बनवतात की धडकेत एका खांद्याचा पट्टा जास्त सैल होतो, धड थोडं वळतं आणि घसरत नाही, ते कंपनीच्या सीटसाठी मंजूरही असतात. सरसकट झोडपू नका.

टॉर्कराणी:
ठीक आहे, तसे असतात. पण तेही ठरावीक गाडीला, ठरावीक पॉइंटला, ठरावीक कोनात बसवायचे असतात. ह्यांचा तो आहे का? मागच्या बेल्टच्या पॉइंटला अंदाजानं बांधलेला नक्कीच तसा नाही.

आणि शरीर हलतंय ही अडचण खरी आहे, त्यावर फुकटचा उपाय आहे. सीट एक-दोन घर मागे घ्या, बेल्ट लावा, खांद्याचा पट्टा झटक्यानं ओढून लॉक करा आणि तो धरूनच सीट पुढे आणा. कमरेचा पट्टा हाडावर घट्ट बसतो. पहिल्या दिवसाला एवढं पुरतं.

नवा_चालक:
मी तो नवा माणूस ज्याच्याबद्दल तुम्ही भांडताय. पुढच्या महिन्यात जायचंय. टायरमध्ये हवा जास्त भरायची की कमी, प्रत्येक जण वेगळं सांगतोय. आणि ईएसपी, गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा, बंद करायचं का?

वळणवेडा:
ईएसपी चालूच ठेवा, पहिल्या दिवशी बंद करणाऱ्यांचं ऐकू नका. हवा कंपनीनं सांगितलेली, टायर गार असताना. गरम झाल्यावर चार-सहा पीएसआय वाढेल, मग पिटमध्ये तपासून थोडी काढा. साइडवॉलवर छोटा त्रिकोण असतो, त्याच्यावर खडूची रेघ मारा. रेघ त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसली गेली तर टायर वाकतोय म्हणजे हवा कमी, रेघ तशीच राहिली तर जास्त. आणि घरी निघताना परत भरा, हे लोक विसरतात. इंजिन ऑइल वरच्या खुणेला आणा, लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं.

जुना_पिस्टन:
आता मी एक सांगतो, मग गप्प बसतो. फ्लुइड बदलून या, ठीक आहे, ताजं डॉट ४ असेल तर मला काही म्हणायचं नाही, एवढं माझ्या पोस्टमध्ये वाढवतो. पण इन्स्ट्रक्टर शेजारी बसवणं हे फ्लुइडच्याही आधी, आणि ते या एवढ्या भांडणात कुणीच लिहिलं नाही. तो दुसऱ्या लॅपलाच सांगतो की पाय कुठे उचलायचा. तुमच्या मावसभावाच्या शेजारी तो असता तर पेडल लांब जायला लागल्यावरच त्यानं गाडी आत आणली असती, कारण पेडल एकदम तळाला जात नाही, आधी मऊ होतं.

वळणवेडा:
मऊ झालं होतं, हे त्यानंही नंतर सांगितलं. इन्स्ट्रक्टरचं मान्य. पण "आधी" नाही, "सोबत".

नवा_चालक:
फ्लुइड डॉट ५ घेऊ का? आकडा मोठा आहे म्हणून विचारतोय.

टॉर्कराणी:
अजिबात नको, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं, नवं असताना किमान २६० डिग्री. पण तुमच्या गाडीच्या झाकणावर काय लिहिलंय ते आधी बघा. सीलबंद बाटली घ्या, गॅरेजमध्ये उघडी पडलेली नको, आणि चारही चाकांना ब्लीड करताना (जुनं फ्लुइड आणि हवा बाहेर काढताना) स्वतः तिथे उभे राहा, जुनं काळपट जाऊन स्वच्छ येईपर्यंत.

पाचवा_गिअर:
हार्नेस काढतोय. पटलं म्हणून नाही, घरच्यांनी हा धागा वाचला म्हणून. पण बकेट सीट घेणार आहे, तेव्हा परत बोलू.

टॉर्कराणी:
बोलू. सीटबरोबर मागे रोल बार (गाडी उलटली तर छत पेलणारा लोखंडी दांडा) बसतो का ते आधी मोजून ठेवा.