भाच्याला कार-टी सेल थेरपी सुचवली आहे, डॉक्टरांना काय काय विचारावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा भाचा १९ वर्षांचा आहे, कराडजवळ राहतो. त्याला बी-सेल एएलएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग आहे. केमोचा पूर्ण कोर्स झाला, कॉलेज पुन्हा सुरू झालं आणि वर्षाच्या आत आजार उलटला. डॉक्टर म्हणतात, पुन्हा केमो देऊन बोन मॅरो ट्रान्सप्लांट करता येईल (धाकट्या बहिणीचं एचएलए, म्हणजे दात्याशी जुळणी पाहणारी पेशींवरची खूण, पूर्ण जुळलंय), नाहीतर कार-टी. मुंबईत एका नव्या कार-टीची ट्रायलही (रुग्णांवरची चाचणी) सुरू आहे, त्यात तो बसतो का तेही बघणार आहेत. पुढच्या आठवड्यात आम्हाला बोलावलंय.

घरात वाचायचं काम माझ्याकडे आलंय. मला समजलं ते असं: रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढतात, प्रयोगशाळेत विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवा जनुक घालतात, मग त्या सीडी१९ हे प्रथिन असलेल्या पेशी (या कर्करोगाच्या पेशींवर ते असतं) ओळखून मारतात. पेशी वाढवून पुन्हा सलाइनसारख्या शिरेतून देतात. आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेत तयार झालेली नेक्सकार१९ ही कार-टी थेरपी टाटा मेमोरियलच्या खारघरच्या अॅक्ट्रेक या केंद्रात २०२१ साली पहिल्यांदा रुग्णाला दिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी मंजुरी मिळाली. पवईच्या प्रयोगशाळेत सुरू झालेलं काम आपल्याच राज्यातल्या वॉर्डापर्यंत पोचलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण आमच्या आईचा, म्हणजे मुलाच्या आजीचा, एकच प्रश्न आहे: "पोरावर प्रयोग करणार का?" तिला खरं उत्तर द्यायचंय, नुसता धीर नाही.

मंजूर झालेली थेरपी आणि ट्रायल यांत आमच्या दृष्टीने नेमका फरक काय? मध्येच नको म्हटलं तर नेहमीचे उपचार थांबतात का? धोके किती? आणि खर्च: चाळीस लाखांच्या आसपास आकडा ऐकलाय. ताईकडे दीड एकर ऊस आहे, बाकी काही नाही.

रानजाई
दादा, मी पेशींवरच्या संशोधनात काम करते, डॉक्टर नाही. आजींना सांगा, हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो डॉक्टरांसमोर तसाच विचारा. मंजूर थेरपी हा उपचार आहे. ट्रायलमध्ये उपचाराबरोबर नवी माहिती मिळवणं हाही उद्देश असतो, म्हणून वेगळी लेखी संमती लागते. संमतीपत्रक मराठीत मागा, घरी आणा, सगळ्यांनी वाचा. कारण न देता केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत मिळण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. ट्रायलचा सीटीआरआय (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागून घ्या, संकेतस्थळावर कोणालाही ती नोंद पाहता येते.

धोक्यांबद्दल: पेशी कामाला लागल्या की जोराचा ताप येतो, रक्तदाब घसरतो. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडला ही थेरपी दिली तेव्हा ती अत्यवस्थ झाली होती. रक्त तपासल्यावर आयएल-६ हे दाह वाढवणारं प्रथिन प्रचंड वाढलेलं दिसलं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कार्ल जून यांना संधिवातावरचं टोसिलिझुमॅब ठाऊक होतं, कारण त्यांच्या मुलीला तो आजार होता. ते दिलं आणि एमिली वाचली. आज ते औषध ठरलेल्या उपचाराचा भाग आहे. तेव्हा विचारा: टोसिलिझुमॅब तयार ठेवता का, रात्री आयसीयूची खाट मिळेल का, आणि आमच्या मुलाच्या पेशी वाढल्याच नाहीत तर पुढे काय, त्याचे पैसे कोण भरणार?

आणखी एक. पेशी काढण्याआधी जोरदार केमो झाली तर टी-पेशी कमी आणि दुबळ्या मिळू शकतात. म्हणून कार-टीचा विचार असेल तर पुढची केमो सुरू होण्याआधी हे बोला.

सह्याद्रीकर
मामा, माझ्या बायकोचं ट्रान्सप्लांट झालंय, म्हणून दोन गोष्टी लिहितो. पहिली: कार-टी की ट्रान्सप्लांट असाच प्रश्न असतो असं नाही. नेक्सकार१९ च्या ६४ रुग्णांवरच्या चाचण्यांचे निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात सुमारे ७३ टक्के रुग्णांत प्रतिसाद दिसला. पण प्रतिसाद आणि कायमचं बरं होणं वेगळं. काही जणांत कार-टीने आजार आटोक्यात आणून मग ट्रान्सप्लांट करतात. बहिणीचं जुळलेलं असताना हे नक्की विचारा.

दुसरी, जी आम्हाला कोणी आधी सांगितली नाही: मुलगा १९ चा आहे. ट्रान्सप्लांटच्या औषधांनी मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल आजच विचारा. तुम्ही मामा आहात, भाचा तुमच्याशी मोकळं बोलेल. आईसमोर लाजेल.

पैशांसाठी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकांना आधी भेटा. महात्मा फुले योजनेतून काय बसतं, मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि सिद्धिविनायक न्यासाचे अर्ज कसे करायचे, हे ते सांगतील. पेशी दिल्यावर साधारण महिनाभर रुग्णालयाच्या जवळ राहावं लागतं, त्या भाड्याचा आणि जेवणाचा खर्चही धरा. ऊस विकायच्या आधी हे सगळं करा.

धागाकर्ता
रानजाईताई, सह्याद्रीकर, दोघांचे मनापासून आभार. वीर्य गोठवण्याचं आमच्या डोक्यातही नव्हतं, संध्याकाळी भाच्याशी एकट्याने बोलतो. केमो परवा सुरू करायची होती, म्हणून टी-पेशींबद्दल विचारायला डॉक्टरांना आत्ताच फोन लावतोय. खारघरला कोणी राहिलं असेल तर महिनाभरासाठी खोली कुठे बघावी तेवढं सांगा.