चेस्ट वॉर्ड सोडून शिकवायला जावं का?

वाळपईकर
नमस्कार. बीएस्सी नर्सिंग केलंय, एका खाजगी इस्पितळात श्वसनविकारांच्या वॉर्डात आहे. घरचे म्हणतात एमएस्सी कर, ट्यूटर हो, नाईट ड्युटी सुटेल. मला सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या, पेशंटांत रस आहे. पाऊस सुरू झाला की तीच माणसं परत अ‍ॅडमिट. शिकवायला गेले तर पेशंट सुटेल का? आणि नर्सला स्वतःचं संशोधन करता येतं, की डॉक्टरांचे फॉर्मच भरायचे?

म्हापसेकर
बीएस्सीला ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव असेल तर एमएस्सीला अर्ज कर, कोर्स २ वर्षांचा. नाईट सुटेल म्हणून मात्र जाऊ नकोस. सकाळी विद्यार्थिनींबरोबर वॉर्डात उभं राहायचं आणि संध्याकाळी घरी त्यांचे केअर प्लॅन तपासायचे. माझ्या जेवणाच्या टेबलावर ताटापेक्षा वह्या जास्त.

फोंड्याची बाई (निवृत्त)
अगं, तुझ्या प्रश्नातच तुझा विषय आहे. तीच माणसं परत का येतात? त्यांना श्वासाच्या औषधाचा पंप मारून दाखवायला सांग. कुणी आधी दाबतो आणि मग श्वास घेतो, कुणी श्वास रोखून धरतच नाही. एकाच पिशवीत स्प्रेचा पंप आणि रोटाहेलर (कॅप्सूलमधली पावडर ओढायचं यंत्र) दोन्ही असले की आणखी घोळ. स्प्रे हळूहळू आत घ्यायचा, पावडर जोरात ओढायची. हे करतात नेमकं उलट. त्यात आपली दमट हवा. कॅप्सूल उघडी राहिली तर मऊ पडते, नीट फुटत नाही. माणूस म्हणतो, औषध रोज घेतो. घेतो खरं, पण छातीत पोचत नाही.

माझा पीएचडीचा विषय व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचा न्यूमोनिया. पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर हवं, हे सगळ्यांना पाठ. मी कोनमापक घेऊन फिरायचे. नजरेला भरपूर वर वाटणारा पलंग मोजला की वीसही भरत नसे. मुली मागून मला कंपासबाई म्हणायच्या. म्हणू देत, त्याच पुढे न सांगता मोजायला लागल्या. शिकवताना पेशंट सुटतो तो वर्गात कोंडून घेणाऱ्यांचा. मी क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे विद्यार्थिनींना वॉर्डात शिकवणं, कधी दुसऱ्यावर ढकललं नाही.

एक राग मात्र आहे. आपल्याकडचे कितीतरी प्रबंध म्हणजे प्रश्नावली, तासभर लेक्चर, परत तीच प्रश्नावली. गुण वाढणारच! महिन्याने ओपीडीत पेशंट पंप कसा मारतो ते बघा ना. तू दोन गट कर, एकाला नेहमीसारखं तोंडी सांग, दुसऱ्याकडून प्रत्येक वेळी करवून घे, आणि महिन्याने पंप मारण्याच्या पायऱ्यांची चेकलिस्ट लाव. पेशंट किती लागतील ते स्टॅटिस्टिक्सवाल्यांना आधी विचार. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयची (देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी, नंतर नाही.

डिचोलीचा मुलगा
मी नर्स नाही. बाबा खनिजाच्या ट्रकवर होते, आता घरी ऑक्सिजन आहे. डॉक्टरांनी रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के ठेवा म्हणून सांगितलंय. बोटाला ९० दिसले की शेजारचे म्हणतात, वाढव रे, कमी आहे! जास्त दिला तर अशा पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो, हे वॉर्डातल्या सिस्टरनी आईला बसवून समजावलं, म्हणून नळाला कुणी हात लावत नाही. या विषयावरही कुणीतरी अभ्यास करा.

वाळपईकर
बाई, खूप आभार. मग एमएस्सीला क्रिटिकल केअर (आयसीयूतले पेशंट) घेऊ की मेडिकल-सर्जिकल? आणि चेकलिस्ट आतापासूनच भरायला घेऊ?

फोंड्याची बाई (निवृत्त)
तुझा पेशंट चालत ओपीडीत येणारा, तेव्हा मेडिकल-सर्जिकल. मंजुरीशिवाय अभ्यासासाठी नोंदी गोळा करू नकोस, पुढे वापरता येणार नाहीत. डिस्चार्जच्या वेळी पंप मारून दाखवायला सांगणं हे तुझं कामच आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर चूळ भरायला लाव, ते हमखास राहतं.